कोपनहेगन पुढच्या मे महिन्यात, आणि त्याआधी जूनचा हप्ता

नाशिकच्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. त्यांचं वय ३७, मिस्टर ४१ वर्षांचे, सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला. मुलगी गेल्या ऑगस्टमध्ये १० वर्षांची झाली. घरात सासूबाई. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख १५ हजार. घराच्या कर्जाचे ४२ लाख बाकी आहेत, व्याज ८.४ टक्के, हप्ता ३८ हजार, अजून १८ वर्षं. घरखर्च ५५ हजार. बँकेत ३ लाख ६० हजारांची एफडी आहे.

त्या लिहितात: "लग्नाला पंधरा वर्षं झाली. मुलीला जलपरीची गोष्ट अतिशय आवडते, म्हणून या मे महिन्यात कोपनहेगनला जायचं ठरवतोय. टूर कंपनीनं तीन राजधान्या आठ दिवसांत दाखवायचे तिघांचे ६ लाख ६० हजार सांगितले, ते झेपणार नाही. फक्त कोपनहेगन, पाच रात्री, स्वतः आखलं तर साडेतीन लाखांत होईल का? एफडी मोडावी की पर्सनल लोन घ्यावं? जूनमध्ये पॉलिसीचा दोन लाखांचा हप्ता आहे, म्हणून एफडी मोडायची भीती वाटते. पॉलिसी दिली ते बँकेतले सर म्हणतात लोन घ्या, जूनपासून दरवर्षी ३६ हजार बोनस सुरू होतोय, त्यातून लोन फिटेल. युरो किती न्यावेत?"

सोबत त्यांनी पॉलिसीच्या तक्त्याचा फोटो पाठवलाय.

आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. पर्सनल लोन घेऊ नका. साडेतीन लाख, १३ टक्के, तीन वर्षं: महिन्याचा हप्ता ११ हजार ८०० च्या आसपास, म्हणजे वर्षाला १ लाख ४१ हजार. बोनस वर्षाला ३६ हजार. तीन महिन्यांचे हप्ते भरले की बोनस संपला, उरलेले नऊ महिने पगारातून. तीन वर्षांत ७५ हजार निव्वळ व्याज जाईल. सहा दिवसांच्या सहलीवर तिघांच्या राहण्याला जेवढे लागतात, जवळजवळ तेवढेच. हे गणित कागदाच्या पाठीवर दोन मिनिटांत होतं, आणि ते न करता तुम्हाला कर्ज सुचवणारा माणूस बँकेच्या खुर्चीत बसलाय याचा मला राग येतो.

एफडीही मोडू नका. का, ते सांगायला त्या फोटोकडे यावं लागेल. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तिथं आहे आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही.

फोटो मी मोठा करून पाहिला. वर्षाला २ लाख हप्ता, १० वर्षं भरायचा, पॉलिसी २५ वर्षांची. दोन रकाने आहेत, एकावर ४ टक्के, दुसऱ्यावर ८ टक्के. आठच्या रकान्याभोवती निळ्या पेनानं गोल केलाय आणि समासात कुणीतरी लिहिलंय, "२० चे ४८ लाख, दरवर्षी फॉरेन ट्रिप, गॅरंटी". हे अक्षर तुमचं नसावं. तो कागद जपून ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

हे ४ आणि ८ टक्के कुठून येतात? विमा कंपनीच्या गुंतवणुकीला अमुक टक्के मिळाले असं गृहीत धरून तक्ता दाखवावा, असा नियामकाचा नियम आहे. दोन्ही आकडे गृहीत आहेत, हमी कशाचीच नाही. शिवाय ते टक्के कंपनीच्या गुंतवणुकीवरचे आहेत. खर्च, कमिशन, विम्याचा भार वजा होऊन तुमच्या हाती काय पडतं ते वेगळं काढावं लागतं, आणि तक्त्यात ते कुणी काढून देत नाही. मी काढलं. आठच्या रकान्यात दरवर्षी ३६ हजार आणि शेवटी ४० लाख: तुमच्या पैशावर परतावा पाच टक्क्यांच्या जरा वर. चारच्या रकान्यात दरवर्षी १२ हजार आणि शेवटी २४ लाख: परतावा दीड ते पावणेदोन टक्के. पोस्टाच्या साध्या बचत खात्यावर ४ टक्के मिळतात, आणि तिथं पंचवीस वर्षं अडकून राहावं लागत नाही.

म्हणजे जूनमध्ये येणारे ३६ हजारसुद्धा पक्के नाहीत. चारच्या रकान्यात तेच १२ हजार आहेत. प्रत्यक्षात किती येतील ते आज कुणालाच सांगता येत नाही, आणि त्याच्या भरवशावर तुम्ही कर्ज काढायला निघाला होता.

आता मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी ओळ. विम्याचं संरक्षण: २० लाख. घराचं कर्ज: ४२ लाख. तुमच्या पत्रात टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या साध्या विम्याचा उल्लेख कुठेही नाही, आणि मिस्टरांच्या कंपनीचा आरोग्य विमा तीन लाखांचा आहे असं एका ओळीत येऊन जातं. उद्या त्यांना काही झालं तर २० लाख येतील, बँक कर्जाचे ४२ मागेल, आणि ३८ हजारांचा हप्ता एका शिक्षिकेच्या पगारावर येईल. घरात दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. विम्याच्या नावाखाली तुम्ही वर्षाला दोन लाख भरताय आणि विमा असा तुमच्याकडे नाहीच. १ कोटीचा टर्म प्लॅन मिस्टरांना, निर्व्यसनी असतील तर, साठीपर्यंत वर्षाला साधारण २० हजारांत मिळावा. तुमचा स्वतःचा ५० लाखांचा आणखी सात-आठ हजारांत. तिघांचा १० लाखांचा आरोग्य विमा वीस-बावीस हजारांत. सगळं मिळून ५० हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढी सोय झालीय. सासूबाईंचं वेगळं पाहावं लागेल, त्यांचं वय आणि आजार कळवा.

मिस्टरांचा टर्म प्लॅन घेताना अर्जातच 'मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्ट'खाली घ्या. १८७४ चा कायदा आहे. एक खूण करावी लागते आणि लाभार्थी म्हणून तुमचं व मुलीचं नाव लिहावं लागतं, पैसे जास्त पडत नाहीत. मग ती रक्कम तुमची, कर्ज देणाऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. घराचं कर्ज असलेल्या प्रत्येक घरात हे असावं असं मी वर्षानुवर्षं सांगतेय. नंतर करू म्हटलं तर होत नाही, पॉलिसी घेतानाच करावं लागतं.

मग जुन्या पॉलिसीचं काय? दोन हप्ते, म्हणजे ४ लाख गेलेत. तुम्ही म्हणाल, आता बंद केली तर नुकसान. हो, नुकसान आहे आणि ते झालेलंच आहे. दोन हप्त्यांनंतर किमान ३० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार परत मिळतातच. पॉलिसी मुदतीआधी परत करणं म्हणजे सरेंडर; त्यावर कंपनी हिशोब करून देते ते विशेष सरेंडर मूल्य बहुधा त्याहून जास्त असतं. मी दीड लाख धरते. अडीच लाख गेले. हे लिहिताना मलाही वाईट वाटतंय, कारण तुमच्या घरातली ती वर्षभराची बचत होती.

पण हिशोब उद्यापासूनचा करायचा. उद्यापासून तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. एक, दीड लाख सोडून द्यायचे, आणखी आठ वर्षं दोन-दोन लाख भरायचे आणि तक्त्यातलं मिळेल ते घ्यायचं. यातून पुढच्या पैशांवर परतावा पडतो आठच्या रकान्यात सहा-सव्वासहा टक्के, चारच्या रकान्यात अडीचच्याही आत. दोन, थांबायचं आणि ते पैसे घराच्या कर्जात घालायचे. तिथं ८.४ टक्के वाचतात, आणि ते वाचणं पक्कं असतं. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँक लावू शकत नाही. दरवर्षी दीड लाख जादा भरलेत तर १८ वर्षांचं कर्ज साधारण अकरा वर्षांत संपतं आणि व्याजाचे सतरा-अठरा लाख वाचतात. मुलगी विशीच्या सुरुवातीला असेल तेव्हा घर तुमचं मोकळं.

माझ्या मते दुसरी वाट. क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्म प्लॅन हातात येऊ द्या, वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी मिळू द्या. त्यानंतरच जुन्या पॉलिसीला हात लावा. आहे ते २० लाखांचं छत आधीच काढून टाकायचं नाही. विमा कंपनीकडून सरेंडर मूल्याचा आकडा लेखी मागा, ईमेलवर. जूनमधला पहिला बोनस हाती घेऊन मग सरेंडर करता येईल का, तेही त्याच पत्रात विचारा. आणि हप्त्याची रक्कम खात्यातून आपोआप वळती होत असेल तर ती सूचना मे महिन्यातच रद्द करा. हे विसरून तिसरा हप्ता गेलेली दोन कुटुंबं गेल्या वर्षी माझ्यासमोर बसली होती.

समासातल्या त्या 'गॅरंटी'चं काम आता. ज्याची हमी नाही त्याला गॅरंटी म्हणून विकणं ही चुकीची विक्री आहे. विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे त्या कागदाच्या प्रतीसह लेखी तक्रार करा, पूर्ण हप्ते परत मागा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. तिथं फी नाही, वकील लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही, आणि त्या आशेवर पुढचं काहीही आखू नका. पण तक्रार करा. तो माणूस उद्या तुमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंना हेच विकणार आहे.

आता कोपनहेगन. ही सहल तुम्ही करावी असं मला मनापासून वाटतं. पंधरा वर्षं संसार केलात, घर घेतलंत, सासूबाईंना सांभाळताय. मुलीच्या वयाची ही वर्षं परत यायची नाहीत. फक्त या मे महिन्यात नको, पुढच्या मे महिन्यात जा. आणि त्याच्या पुढे ढकलू नका. शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांखालच्या मुलांना ४५ युरो. कोपनहेगनच्या मेट्रो आणि बसमध्ये एका मोठ्या माणसाबरोबर १२ वर्षांखालची दोन मुलं फुकट. विमानाचं मुलाचं भाडंही १२ च्या आतच. मुलगी पुढच्या मेमध्ये पावणेबाराची असेल. ऑगस्ट उजाडला की हे तिन्ही फायदे गेले.

दिवाळीची सुट्टी तुम्हाला सुचली असेल. हॉटेलं स्वस्त मिळतात, पण नोव्हेंबरमध्ये तिथं दुपारी चारनंतर अंधारतं, थंडी हाडात शिरते आणि नाताळचा हंगाम सुरू होईपर्यंत तिवोली बाग बंद असते. मुलीला घेऊन जाताय, तर मे. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, एका दिवसात दीड दिवस फिरून होतं.

युरो नेऊ नका. डेन्मार्कचं चलन क्रोनर आहे. २००० साली तिथल्या लोकांनी मतदान करून युरो नाकारला. हिशोबाला १ क्रोनर म्हणजे १४ रुपये धरा. रोख जवळजवळ लागतच नाही, पाण्याच्या बाटलीपासून कार्ड चालतं. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून नेतात ते कार्ड, घेताना त्यात डॅनिश क्रोनर आहे का ते विचारा. बऱ्याच कार्डांत नसतो, मग तुम्ही युरो भरता आणि प्रत्येक खरेदीला युरोचे क्रोनर करण्याचं शुल्क कापलं जातं. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे शंभराला चार रुपये जातात. आणि दुकानातल्या यंत्रानं "रुपयांत भरायचं की क्रोनरमध्ये" असं विचारलं तर दर वेळी क्रोनर. रुपयांत भरलं की दर त्यांचा लागतो.

खर्च असा पडेल. मुंबईहून एका थांब्याचं विमान, मेचा हंगाम, जानेवारी-फेब्रुवारीत काढलं तर तिघांचे १ लाख ८० हजार. व्हिसा २२५ युरो, केंद्राचं सेवाशुल्क आणि प्रवास विमा धरून ३३ हजार. विमा ३० हजार युरोंच्या संरक्षणाचा सक्तीचा आहे. राहणं पाच रात्री, रात्रीला १,२०० क्रोनर: ८४ हजार. खाणं दिवसाला ४०० क्रोनर: २८ हजार. मेट्रो-बसचे पास दोघांचे सहाशे-सातशे क्रोनर, १० हजार धरा. तिकिटं, तिवोली, शेजारच्या स्वीडनमधल्या माल्मोची एक फेरी मिळून २८ हजार. नाशिक-मुंबई येणंजाणं, सिमकार्ड, किरकोळ १५ हजार. बेरीज ३ लाख ७८ हजार, वर वीस-बावीस हजार हाताशी. ४ लाख. साडेतीनमध्ये बसवायचं तर काहीतरी उधारीवर जाईल, तसं नको.

यातले दोन आकडे तुमच्या हातात आहेत. राहणं आणि खाणं.

न्यूहाउनच्या रंगीत घरांसमोरचं हॉटेल विसरा. तिथं बघायला जायचं, झोपायला नाही. मेट्रोच्या एखाद्या स्टेशनापासून पाच मिनिटांवर, आमागर बेटावर, उदाहरणार्थ ओरेस्टाडच्या बाजूला, स्वयंपाकघर असलेली खोली शोधा. विमानतळाहून शहराच्या मध्यात मेट्रो पंधरा मिनिटांत येते, ती चोवीस तास चालते आणि तिला चालक नसतो. पहिल्या डब्यात सगळ्यात पुढे बसायला मुलीला सांगा. डॅनहॉस्टेलमध्ये कुटुंबाच्या खोल्या असतात, त्याही पाहा. काही जण सांगतील की समुद्रापलीकडे स्वीडनमध्ये माल्मोला राहा, हॉटेल स्वस्त पडतं. रेल्वेनं पूल ओलांडायला दर माणशी दर फेरीला शंभर क्रोनरच्या वर जातात. दोघांचे रोजचे चारशे गेले की हॉटेलात वाचलेले तीनशे कुठे राहिले? माल्मो एक दिवस बघून या, पूल २००० सालचा आहे आणि त्यावरून जाणं हाच एक अनुभव आहे.

खाणं महाग आहे, अंगावर येईल इतकं. साध्या रेस्टॉरंटात एक पदार्थ दीडशे ते दोनशे क्रोनर, म्हणजे तिघांचं एक जेवण सात-आठ हजारांचं. त्यात २५ टक्के कर आधीच धरलेला असतो आणि टीप द्यावी लागत नाही, एवढंच समाधान. म्हणून दिवसाची रचना उलटी करा. सकाळी खोलीवर पोहे किंवा उपमा, दुपारी नेट्टो किंवा रेमा १००० या दुकानांतून राय नावाच्या धान्याचा ब्रेड, चीज, फळं घेऊन बागेत बसायचं, संध्याकाळी खोलीवर खिचडी. कोरडं पीठ, पोह्यांचं पाकीट, मसाला घरून न्या. एखादा दिवस नोरब्रोगाडे या रस्त्यावरचं फलाफल खा, पन्नास-साठ क्रोनरमध्ये पोट भरतं. नळाचं पाणी उत्तम असतं, बाटली विकत घ्यायची गरज नाही.

मी गेले होते तेव्हा मुलानं पहिल्याच दिवशी लिंबूसरबताच्या बाटल्या घेतल्या आणि पावतीवर तीन जादा क्रोनर दिसले. ती बाटलीची अनामत. दुकानाच्या दारातच भिंतीत एक गोल भोक असतं, त्यात रिकामी बाटली आडवी ठेवायची, ती आत ओढली जाते, फिरते, यंत्र तिच्यावरची खूण वाचतं आणि चिठ्ठी बाहेर येते. ती चिठ्ठी गल्ल्यावर दिली की तेवढे पैसे कमी होतात. एका बाटलीचे एक ते तीन क्रोनर. शेवटच्या दिवशी त्यानं पाच दिवसांच्या चिठ्ठ्या एकदम दिल्या आणि त्यात एक पाव आला. मुलीला हे करू द्या. पैशाचं शिक्षण असं सहज होतं.

फुकट बघण्यासारखं खूप आहे. क्रिस्टियान्सबोर्ग राजवाड्याचा मनोरा १०६ मीटर उंच आहे आणि वर जायला तिकीट नाही. रोझेनबोर्ग किल्ल्याहून साडेअकराला निघणाऱ्या रक्षकांच्या मागून चालत अमालियनबोर्ग राजवाड्याला पोचलात की बाराला पहारा बदलतो. राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात १८ वर्षांखालील मुलं फुकट. बंदरातली पिवळी बस म्हणजे होडी, ती तुमच्या पासात येते; पर्यटकांच्या बोटीचं वेगळं तिकीट काढायची गरज नाही. किंग्स गार्डनमध्ये डबा उघडून बसा, दुपार तिथंच जाऊ द्या.

आणि जलपरी. तिला आधीच सांगून ठेवा की पुतळा लहान आहे, जेमतेम सव्वा मीटर, काठावरच्या दगडावर बसलेला. १९१३ साली बसवला. मोठं काही दिसेल अशा अपेक्षेनं आलेली मुलं तिथं हिरमुसतात. गोष्ट १८३७ ची, लिहिणारा हान्स क्रिस्टियान अँडरसन याच शहरात राहिला. न्यूहाउनमध्ये त्यानं तीन वेगवेगळ्या घरांत दिवस काढले. असिस्टेन्स दफनभूमीत त्याची कबर आहे, झाडं खूप आहेत, लोक पुस्तक घेऊन बसलेले असतात. पुतळा सकाळी लवकर बघा आणि दुपारी तिथं जाऊन तिला गोष्ट वाचून दाखवा. यालाही काही लागत नाही. तिवोली मात्र पैसे घालून करा. १८४३ ची बाग आहे, प्रवेशाचं वेगळं आणि पाळण्यांचं वेगळं, काटकसर तिथं नको.

हे ४ लाख येतील कुठून ते सांगते. पगारातून घरखर्च आणि कर्जाचा हप्ता जाऊन तुमच्याकडे महिन्याला २२ हजार राहतात. आजवर त्यातले १६-१७ हजार पॉलिसीकडे जात होते, म्हणून तुम्हाला वाटत होतं की आपलं काही शिल्लकच पडत नाही. पॉलिसी थांबवलीत तर आत्तापासून पुढच्या एप्रिलपर्यंत सोळा महिने, साडेतीन लाख. त्यातून दोन वर्षांचे विम्याचे हप्ते एक लाख वजा. अडीच राहिले. त्यात सरेंडरचे दीड. झाले चार. सरेंडरचा आकडा कमी आला तर पाच रात्रींच्या चार करा, कर्ज काढू नका. एफडीला हात लागत नाही. ती राहू द्या, कारण घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ९३ हजार लागतात आणि ती एफडी म्हणजे चार महिन्यांचासुद्धा पुरता आधार नाही. सहलीवरून आलात की पुढच्या जूनपासून आधी ती साडेपाच लाखांपर्यंत न्या, मग कर्जातली जादा फेड सुरू करा.

पॉलिसी चालू ठेवलीत तर? साडेतीन लाखांतून जूनचे दोन लाख गेले, उरले दीड. त्यातून खरा विमा घ्यायचा की कोपनहेगनला जायचं, अशी निवड तुमच्यावर येईल. ती येऊ नये म्हणूनच एवढं लिहिलं.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. तुम्ही मार्चमध्ये करा. बँकेची अलीकडच्या महिन्यांची विवरणं जोडायची असतात. त्यात दरमहा जमा होणारी नियमित शिल्लक दिसली की बरं पडतं. अचानक आलेली पर्सनल लोनची मोठी रक्कम दिसली तर ती कुठून आली हा प्रश्न उठतो. हॉटेल फुकट रद्द होणारं घ्या, व्हिसा हातात येईपर्यंत.

एक गोष्ट आजच बघा. तुम्ही लिहिलंय की मुलीचा पासपोर्ट ती सहा वर्षांची झाली त्या दिवाळीत काढला. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. म्हणजे तो येत्या नोव्हेंबरात संपेल. शेंगेनसाठी परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू असावा लागतो. नवीन करायला हजार रुपये फी आहे, दोघा पालकांची संमती लागते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पासपोर्ट कार्यालयात गर्दी असते. या जूनमध्ये शाळा सुरू झाली की अर्ज टाका, त्याच आठवड्यात सरेंडरचा फॉर्मही भरून होईल.